इंटर्न मॅडम

नोएडातल्या त्या ऑफिसात पहिल्या दिवशी गेले, तेव्हा गेटवरच्या गार्डने मला व्हिजिटरच्या रजिस्टरकडे पाठवलं. त्याची काही चूक नव्हती. माझ्या मागे-पुढे वीस-बावीस वर्षांची पोरं पाठीवर सॅक लावून आत शिरत होती आणि मी त्रेचाळीस वर्षांची बाई, खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी.

"किससे मिलना है, आंटी?"

"मिलना नहीं है. इंटर्नशिप है."

त्याने समोरची यादी उघडली, पेन हातात घेतलं आणि म्हणाला, "बच्चे का नाम बताइए."

बच्चा मीच आहे हे त्याला पटायला पाच मिनिटं लागली. मला स्वतःला पटायला बहुधा जास्त लागली असतील.

झालं होतं असं. सोलापूरकडच्या एका तंत्रनिकेतनात मी अठरा वर्षं डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. डिप्लोमाची पोरं, फळा, खडू, लॅबमधले जुने सीआरओ, म्हणजे विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारी यंत्रं. पुढे बढतीला एम.टेक. हवं असा नियम आडवा आला. त्याच सुमारास नवऱ्याची बदली गाझियाबादच्या कारखान्यात झाली. तेव्हा मी दोन वर्षांची रजा काढली, इथल्या एका कॉलेजात एम.टेक.ला नाव घातलं आणि लेकीच्या वयाच्या मुलांबरोबर बाकावर बसले. शेवटच्या सहामाहीत इंटर्नशिप सक्तीची होती. मला मिळाली ती कंपनी प्रोसेसर डिझाइन करायची, म्हणजे कंप्युटर आणि मोबाइलच्या आत जी चिप असते तिची आखणी.

अठरा वर्षं हा विषय शिकवल्यामुळे तिथे काय लागेल याबद्दल मला शंका नव्हती. आदल्या दिवशी पर्समध्ये टेस्टर, पक्कड आणि छोटा मल्टिमीटर टाकला. सकाळी आमच्या घराजवळच्या वैशाली मेट्रो स्टेशनवर तपासणीच्या बाईंनी एकेक वस्तू बाहेर काढून ट्रेमध्ये मांडली. "बिजली का काम करती हो?" त्यांनी विचारलं. मी अभिमानाने हो म्हटलं. ऑफिसात पोचले तर तिथे सोल्डरिंगची साधी वायरसुद्धा नव्हती. दीडशे माणसं नुसती स्क्रीनकडे बघत बसलेली. चिप म्हणाल तर रिसेप्शनच्या भिंतीवर चौकटीत लावलेली एकच, तीही जुनी. मल्टिमीटर सहा महिने माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होता.

एच.आर.च्या मुलीने मला एका छोट्या खोलीत बसवलं. तुमचा मेंटर येतोय, म्हणाली, आणि इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, सर-मॅडम चालत नाही, हेही बजावलं. थोड्या वेळाने दाढीवाला, भरदार अंगाचा एक तरुण हातात कॉफीचा मग घेऊन आत आला. मला बघितलं आणि तो जागच्या जागी ताठ उभा राहिला. हातातला मग टेबलावर ठेवून त्याने दोन्ही हात मागे बांधले.

"मॅडम, बसा ना," तो मराठीत म्हणाला. मी बसलेलीच होते.

मी ओळखलं नाही. त्याने बॅचचं वर्ष सांगितलं, रोल नंबर सांगितला, तरी चेहरा डोळ्यांपुढे येईना. शेवटी म्हणाला, "मॅडम, तुम्ही मला लॅबमधून बाहेर काढलं होतं. शेंगदाणे खाल्ल्याबद्दल."

"फोलपटं सीआरओच्या मागे टाकली होतीस, तोच ना?"

"तोच."

तर माझा मेंटर तो निघाला. डिप्लोमानंतर पुण्याला डिग्री, मग इथे नोकरी, आणि आता टीममधल्या इंटर्नना काम शिकवायची जबाबदारी त्याच्यावर. यादीत नाव वाचून त्याला शंका आली होती म्हणे, पण त्या नावाच्या बायका पुष्कळ असतात, असं म्हणून त्याने मनाची समजूत घातली होती.

नावाने हाक मारायचा नियम त्याला पहिल्याच मिनिटाला मोडावा लागला. तो मला मॅडमच म्हणायचा. त्याचं ऐकून शेजारच्या दोन इंटर्न मुली म्हणू लागल्या आणि पंधरा दिवसांत आमचा मॅनेजरही. मीटिंगमध्ये तो गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "मैडम, ज़रा वो रिपोर्ट देख लीजिएगा." बाहेरून आलेल्या एका साहेबांनी तर मलाच प्रमुख समजून हस्तांदोलन केलं. मी इंटर्न आहे हे त्यांना सांगेपर्यंत त्यांनी मला पुढच्या वर्षीचा बेत विचारूनही टाकला होता.

माझ्या मेंटरला मात्र या सगळ्याची मजा वाटत होती. पहिल्या आठवड्यात त्याने मला फळ्याजवळ उभं केलं आणि समजावून सांगू लागला. बोलता बोलता थांबायचा, मागे वळायचा आणि म्हणायचा, "समजलं का? समजलं नसेल तर आत्ताच विचारा, परीक्षेच्या आदल्या दिवशी रडू नका." वाक्य ओळखीचं वाटलं. चौथ्यांदा ऐकल्यावर लक्षात आलं की ते माझंच आहे, सुरासकट.

"तू माझी नक्कल करतोयस का?"

"नाही मॅडम. मला एकाच पद्धतीने शिकवता येतं. ज्यांच्याकडून शिकलो त्यांच्या."

मी लिहिलेला पहिला छोटा प्रोग्रॅम त्याने तपासला आणि जवळजवळ प्रत्येक ओळीखाली शेरा लिहिला. शेवटचा शेरा होता, 'समास सोडा.' कंप्युटरवर समास नसतो. मी वर्षानुवर्षं पोरांच्या जर्नलवर लाल शाईने ते लिहीत आले, त्याची परतफेड होती ती.

मला दिलेलं काम ऐकायला सोपं होतं. चिपच्या आत सगळं एका तालावर चालतं, त्या तालाला क्लॉक म्हणतात. पण मोठ्या चिपमध्ये एकच ताल नसतो. एक भाग जलद चालतो, दुसरा सावकाश, आणि त्यांना एकमेकांना निरोप द्यावे लागतात. निरोप नको त्या क्षणी पोचला तर घेणारा गोंधळतो. म्हणून जिथे जिथे दोन ताल भेटतात ती प्रत्येक जागा तपासावी लागते. हे तपासणारं एक सॉफ्टवेअर होतं आणि ते अत्यंत भित्रं होतं. त्याने कित्येक हजार जागांवर बोट ठेवलं होतं. त्यांतल्या खऱ्या धोक्याच्या कोणत्या आणि उगाचच्या कोणत्या, हे मी बघायचं. "ज्या तारेवर पुढे लागोपाठ दोन फ्लिपफ्लॉप आहेत, तिथे टिक करा," मेंटर म्हणाला. "ती सुरक्षित."

फ्लिपफ्लॉप म्हणजे शून्य किंवा एक लक्षात ठेवणारा छोटासा भाग. तो मी अठरा वर्षं शिकवला. पण दोन का लागतात, एक का पुरत नाही, ते मला माहीत नव्हतं. तसं कबूल करायची लाज वाटली म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत गुपचूप वाचायला बसले. आणि वाचता वाचता माझा घास हातातच राहिला.

निरोप आणि ताल अगदी एकाच क्षणी बदलले तर फ्लिपफ्लॉपचं शून्यही होत नाही आणि एकही होत नाही. तो मध्येच लोंबकळतो. किती वेळ लोंबकळेल याचा भरवसा नाही. म्हणून पुढे दुसरा ठेवतात, म्हणजे पहिल्याला सावरायला एका ठोक्याचा अवकाश मिळतो.

हा प्रश्न मला पूर्वी कुणीतरी विचारला होता. दुपारचा तास होता, मी फळ्याकडे तोंड करून आकृती काढत होते आणि मागून आवाज आला होता, "मॅडम, दोन्ही एकदम बदललं तर काय होतं?" मी मागे न वळताच उत्तर दिलं होतं, "असं होत नाही. आणि झालं तरी ते परीक्षेला येत नाही." वर्ग हसला होता. मी आकृती पुरी केली होती.

आता बसले होते त्या इमारतीत दीडशे माणसं, मी 'असं होत नाही' म्हटलेल्या त्याच गोष्टीचा बंदोबस्त करायला पगार घेत होती.

तो आवाज कुणाचा, हे आठवेना. पण बॅच माझ्या मेंटरचीच होती, आणि आगाऊ प्रश्न विचारण्यासारखा त्या बॅचमध्ये आमचा शेंगदाणेवाला होता. दोन दिवस मी मनाशी वाक्यं जुळवली. तिसऱ्या दिवशी कँटीनमध्ये राजमा-चावलची ताटं घेऊन बसलो, तेव्हा म्हटलं, "तुला एक सांगायचं होतं. डिप्लोमाला असताना तू मला एक प्रश्न विचारला होतास. मी तो उडवून लावला. चूक माझी होती. तुझा प्रश्न बरोबर होता."

त्याने चमचा खाली ठेवला. "कुठला प्रश्न?"

मी सांगितला. त्याने जरा वेळ विचार केला आणि म्हणाला, "मॅडम, एवढं चांगलं बोललात, पण तो मी नव्हतो. मी तेव्हा शेंगदाणेच खात असेन. तो प्रश्न तिने विचारला होता." आणि दुसऱ्या बाकावर बसणाऱ्या, दोन वेण्या घालणाऱ्या एका मुलीची आठवण करून दिली.

मी मान्य करते, मला ओशाळल्यासारखं झालं. स्वतः बाई असून, जन्मभर मुलींना 'विचारत जा गं' सांगत असून, तो प्रश्न एखाद्या मुलाचाच असणार असं मी धरून चालले होते.

"ती कुठे असते आता?"

"इथेच की. करोलबागेजवळ. यू.पी.एस.सी. करते." त्याने तिथल्या तिथे फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

मी पुन्हा पहिल्यापासून सगळं म्हणून दाखवलं. या वेळी जास्त अडखळले.

"आठवतंय मॅडम," ती म्हणाली. "असं होत नाही, म्हणाला होतात."

"होतं. रोज होतं."

"अकरा वर्षांनी सांगताय होय?" तिच्या आवाजात हसू होतं की नव्हतं, मला कळलं नाही. "मग काय होतं, ते पण सांगा की आता."

फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. मी दोघांना रविवारी जेवायला बोलावलं.

घरी नवऱ्याला म्हटलं, रविवारी माझे गाइड येणार आहेत. तो एकदम सावध झाला. "मग बाहेरून काही मागवायचं का? भाकरी काय करतेस त्यांना?"

"ते गाइड सोलापूरचेच आहेत."

"वयस्कर आहेत का?"

"एकोणतीस."

गाझियाबादेत ज्वारीचं पीठ मिळवायला मला तीन दुकानं हिंडावी लागली. रविवारी भाकरी, भरली वांगी आणि शेंगाची चटणी केली. ती आली ती पिशवीतून पेरू घेऊन. वेण्या गेल्या होत्या, चष्मा आला होता. परीक्षेचा तिसरा प्रयत्न चालू होता. हात धुऊन थेट स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही भाकरी करता हे वर्गात कुणालाच खरं वाटलं नसतं."

जेवताना मी तिला विचारलंच, "तेव्हा वाईट वाटलं होतं का तुला?"

"वाईट नाही, उलट उपयोगच झाला. परीक्षेला काय येतं नि काय येत नाही, हे आधी बघायची सवय लागली. आता दिवसभर तेच करते." ती शांतपणे वांग्याचा तुकडा मोडत होती. माझ्या मेंटरने चेहरा ताटात घातला. माझ्या नवऱ्याने प्रसंग ओळखून सगळ्यांना चटणी वाढली.

मग मी ताट बाजूला सारून समजावून सांगायला घेतलं. तीन वाट्या मांडल्या. एका वाटीतला पेरूचा तुकडा दुसऱ्या वाटीत, तिथे एक ठोका थांबून तिसरीत. नवरा मध्येच एक तुकडा उचलून खाऊ लागला तेव्हा त्यालाही दटावलं. ती एकाग्र होऊन बघत होती. मी संपवलं आणि सवयीने म्हटलं, "समजलं का?"

"समजलं. पण ही एका तारेची गोष्ट झाली. निरोप दोन तारांनी मिळून जात असेल तर? दोघींना दोन-दोन वाट्या दिल्या, तरी दोघी एकाच ठोक्याला सावरतील कशावरून?"

माझं तोंड उघडलं होतं. 'तसं होत नाही' हे शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. मी मेंटरकडे बघितलं. तो चावायचा थांबला होता आणि माझ्याकडेच बघत होता.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "उद्या बघते."

"मलाही बघायला पाहिजे," तो हळूच म्हणाला.

सोमवारी मी ऑफिसात नेहमीपेक्षा तासभर आधी पोचले आणि तपासून झालेला गठ्ठा परत उघडला. ज्यांच्यापुढे दोन फ्लिपफ्लॉप होते आणि ज्यांना मी निर्धास्तपणे टिक केलं होतं, तो. आता त्यात जोडीने जाणाऱ्या तारा शोधायला लागले. बहुतेक ठिकाणी डिझाइन करणाऱ्यांनी वेगळी सोय केलेली होती. गुरुवारपर्यंत हेच चाललं. गुरुवारी दुपारी एक जोडी सापडली, जिला काहीच सोय नव्हती.

त्या दोन तारा मिळून चिपच्या एका भागाला चार हुकूम द्यायच्या: थांब, चाल, सावकाश चाल, झोप. 'चाल'वरून 'सावकाश चाल'कडे जाताना दोन्ही तारा एकदम बदलायच्या. एक वेळेवर पोचली आणि दुसरी एक ठोका मागे राहिली, तर मधल्या क्षणी हुकूम दिसणार 'झोप'. म्हणजे चालत्या माणसाला सावकाश चाल म्हणावं आणि त्याने रस्त्यात आडवं व्हावं.

मी मेंटरला बोलावलं. त्याने स्क्रीनकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. खुर्ची ओढून बसला.

"टिक करा, असं मीच सांगितलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"मॅडम, बाहेर जाऊन उभा राहू का?"

"बस इथेच. आधी हे कुणाचं आहे ते शोध."

ते डिझाइन आमच्याच मजल्यावरच्या लखनौच्या एका मुलीचं होतं. आम्हा दोघांची वरात तिच्या टेबलाशी गेली. मी प्रस्तावना सुरू केली, दोन ताल, दोन तारा. तिने मला तिसऱ्या वाक्याला थांबवलं, आकृती बघितली आणि म्हणाली, "अरे हां. ये तो है." संध्याकाळपर्यंत तिने ते दुरुस्त केलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि तिने हातातला चहासुद्धा गार होऊ दिला नाही. मी घरी येऊन नवऱ्याला सविस्तर सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आता तो झोपत नाही ना? मग छान."

पुढच्या आठवड्याच्या मीटिंगमध्ये मॅनेजरने विचारलं, "ये किसने पकड़ा?"

"मैडम ने," मेंटर म्हणाला.

ते मला गिळवेना. मी म्हटलं की प्रश्न माझा नाही, माझ्या एका विद्यार्थिनीचा आहे. ती इथे सिव्हिल सर्व्हिसची तयारी करते आणि जेवताना तिने तो विचारला. मॅनेजर म्हणाला, "उसको बोलिए इधर आ जाए." हे मी तिला फोनवर सांगितलं. ती हसली. या वेळी नक्की हसली. "त्यांना सांगा, या प्रयत्नाचं काय होतंय ते बघू दे आधी," म्हणाली. आणि मग जरा थांबून, "मॅडम, खरंच तसं निघालं का?"

"तू म्हणालीस तसंच निघालं."

"बरं वाटलं," ती म्हणाली, आणि लगेच कुठल्याशा टेस्टचं कारण सांगून फोन ठेवला.

जूनमध्ये इंटर्नशिप संपली. कॉलेजने पाठवलेला मूल्यमापनाचा फॉर्म मेंटरला भरायचा होता. त्याने तो तीन दिवस टाळला. मग एका दुपारी लॅपटॉप घेऊन माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्हाला मार्क द्यायचे म्हणजे हात थरथरतो." मी म्हटलं, माझा तुला देताना कधी थरथरला नाही, तू भर. वक्तशीरपणा, मेहनत, सहकाऱ्यांशी वागणूक, सगळं त्याने भराभर लिहिलं. 'सुधारणेला वाव' या रकान्याशी मात्र थांबला. काही नाही, असं लिहितो, म्हणाला. मी ऐकेना. तेव्हा बराच वेळ विचार करून त्याने इंग्रजीत एक वाक्य टाइप केलं. मराठीत त्याचा अर्थ असा होता, की समोरच्याचा प्रश्न पूर्ण होण्याआधी यांचं उत्तर तयार असतं.

"काढू का?" त्याने विचारलं.

मला लागलं होतं. पण मी म्हटलं, "राहू दे." त्याने पाठवण्याचं बटण दाबलं आणि आम्ही खाली टपरीवर चहा प्यायला गेलो. तिथे तो मला पुढचं सगळं वर्ष त्याला बंगळूरला काढायचं आहे असं सांगत होता, आणि मी, अधेमधे न बोलता, ऐकत होते. जड गेलं.

आता तो बंगळूरला असतो. माझी वाढवून घेतलेली रजा थोडी उरली आहे, प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहायचं आहे. ती अजून करोलबागेतच राहते. पूर्वपरीक्षा यंदा पास झाली, मुख्य परीक्षेचा निकाल यायचाय. महिन्यातून एखाद्या रविवारी मेट्रोने वैशालीला येते, जेवते, आणि जेवणानंतर माझ्या नवऱ्याशी राज्यघटनेवर वाद घालते. तो कारखान्यात तीस माणसांवर हुकूम चालवतो, पण तिच्यापुढे त्याची फार वेळ डाळ शिजत नाही. मी भांडी आवरत आतून ऐकत असते.